एक लेकरू, चार खाती

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे. लेकरू एक, पण त्याचं वजन एका खात्याच्या रजिस्टरात, लस दुसऱ्याच्या, हजेरी तिसऱ्याच्या, आणि घरातली अडचण कुणाच्याच वहीत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून माझी उभी नोकरी झाली, तेव्हा ही कथा मला नवी नाही. पत्रं थोडी आखूड केली आहेत. गावांची आणि दवाखान्यांची नावं मुद्दाम काढली आहेत.

प्रश्न : ताई, माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. अजून बोलत नाही. पाहिजे ते बोटानं दाखवतो, नाहीतर हाताला धरून ओढत नेतो. अंगणवाडीच्या बाई म्हणतात, पोरं उशिराच बोलतात. आरोग्य केंद्रातून जिल्ह्याला चिठ्ठी दिली. तिथं गेलो तर कानाचं मशीन गुरुवारी चालतं म्हणाले. गुरुवारी गेलो तर मॅडम ट्रेनिंगला. खासगी डॉक्टर म्हणतात स्पीच थेरपी चालू करा, एका वेळचे पाचशे रुपये. गुरुजी म्हणतात, शाळेत घालायच्या आधी अपंगाचा दाखला आणा. मुलगा पुण्यात कंपनीत, सून घाबरून गेली आहे. आधी कुठलं दार वाजवू?
— एक आजोबा

उत्तर : भाऊ, आधी कान. बाकी सगळं त्याच्या मागून.

वर्षाचं लेकरू एखादा शब्द बोलतं. दोन वर्षांचं ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं. तिसऱ्या वर्षी मोडकीतोडकी वाक्यं येतात. साडेतीनला काहीच नाही म्हटल्यावर ‘पोरं उशिराच बोलतात’ या वाक्यावर आणखी एक दिवाळी काढायची नाही. सेविकाबाईंवर रागावू नका. त्यांच्यापुढे चाळीस लेकरं, मोबाइलचं अ‍ॅप आणि खिचडीचं पातेलं एकाच वेळी असतं. पण त्यांचं म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

ताट वाजवलं की वळतो, म्हणून कान चांगले आहेत, असंही धरून चालू नका. ताटाची थरथर फरशीतून कळते, हात हलल्याची सावली दिसते, आणि काही लेकरांना जाड आवाज ऐकू येतो, बारीक येत नाही. अशा लेकराला ट्रॅक्टर ऐकू येतो, पण ‘साखर’मधला स ऐकू येत नाही. खरी तपासणी दोन प्रकारची असते. ओएई म्हणजे कानात छोटी नळी बसवून काही मिनिटांत होते ती. बेरा म्हणजे डोक्याला तारा लावून झोपलेल्या लेकराची करतात ती. बेराला पोरगं झोपलंच पाहिजे, नाहीतर पुढची तारीख मिळते. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि एसटीत त्याचा डोळा लागू देऊ नका. हे सूनबाईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडी सुरू झाली की त्या मायेनं थोपटतील आणि दिवस वाया जाईल.

आता दार कुठलं? तुम्हाला मिळालेली चिठ्ठी नुसती चिठ्ठी होती. तुम्ही पोचलात की नाही हे त्यानंतर कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं काम कुणाच्या अंगावर नव्हतं. त्यापेक्षा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाठा. हा कार्यक्रम 2013 साली देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधून. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वगैरे कमतरता आणि वाढीतला उशीर असं चारही बाजूंनी बघतात. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता असतो. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. गाडीवर नाव लिहिलेलं असतं, गावात ‘शाळा तपासणीची गाडी’ म्हणतात तीच. तुमच्या गावात ती कधी येणार ते सेविकेला किंवा आरोग्य केंद्रात विचारा. तारीख लांब असेल तर शेजारच्या गावात आलेली असताना तिथं घेऊन जा, पोरगं बघायला कुणी नाही म्हणणार नाही. त्या डॉक्टरांनी पाठवलं की नातवाचं नाव त्यांच्या यादीत चढतं आणि पुढं काय झालं ते बघणं हे त्यांचं काम होऊन बसतं. तुमच्या हातातल्या चिठ्ठीत आणि त्यांच्या चिठ्ठीत फरक आहे तो एवढाच, पण फार मोठा आहे.

पथक पाठवील ते बहुधा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लोक डीईआयसी म्हणतात तिथं. बालरोगतज्ज्ञ, कान तपासणारे, बोलायला शिकवणारे, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक अशी माणसं एका छताखाली असावीत अशी त्याची रचना आहे. सगळ्या खुर्च्या सगळीकडे भरलेल्या नसतात. म्हणून फोन करून मगच निघा. ‘कानाचं मशीन कधी’ असं विचारू नका, ‘कान तपासणाऱ्या मॅडम त्या दिवशी आहेत का’ असं विचारा.

तिथं तुमच्या पत्रातल्या गोष्टी जशाच्या तशा सांगा. हाक मारल्यावर बघतो का, बोटानं दाखवतो का, दुसऱ्या लेकरांत खेळतो का, आधी एखादा शब्द येत होता आणि मग गेला असं झालं का. कान चांगले निघाले तर डॉक्टर पुढचा विचार याच गोष्टींवरून करतात. कान अधू निघाले तर आधी श्रवणयंत्र. त्यानं भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं यंत्र, आणि त्याला वयाची घाई असते, कारण मेंदू ऐकायला शिकतो तो पहिल्या काही वर्षांतच. जाणकार तर म्हणतात, महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार. आपण साडेतीन वर्षांवर आहोत. या शस्त्रक्रियेसाठी सरकारी मदत आहे, पण तिलाही वयाची अट असते, म्हणून ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणायचं नाही.

पाचशे रुपयांची थेरपी कान तपासल्याशिवाय सुरू करू नका. ऐकू न येणाऱ्या लेकराला ‘म्हण बाळा, आई’ म्हणत बसलात तर पैसे जातील आणि पोरगं चिडचिडं होईल. निदान झाल्यावर थेरपी जरूर करा. जी बाई तुम्हाला घरी काय करायचं ते शिकवून पाठवते ती चांगली. आठवड्यातून पाऊण तास तिच्याकडे, उरलेला आठवडा तुमच्याकडे.

गुरुजींचं म्हणणं मात्र चूक आहे. शाळेत नाव घालायला दाखला लागत नाही, तपासणीला आणि थेरपीलाही लागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दाखला नसलेल्या लेकराला शाळेचं दार बंद केलेलं नाही. दाखला लागतो तो सवलतींना, आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्क्यांची अट आहे. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग ठरलेल्या दिवशी रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. इतक्या लहान वयात काही वेळा तात्पुरता दाखला देतात आणि पुढं पुन्हा बोलावतात. त्यानं खचू नका, लेकरू वाढतंय म्हणूनच बोलावतात.

अंगणवाडी बंद करू नका. दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं याची रीतसर कार्यपद्धती केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये काढली आहे. सेविकेला ती माहीत नसेल तर पर्यवेक्षिकेला विचारायला सांगा. सहा वर्षांचा झाला की शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना आधीच भेटा, जूनची वाट बघू नका.

आणि एक प्लास्टिकची फाइल घ्या. सगळ्यात वर माता-बाल संरक्षण कार्ड ठेवा. ते हिरवट, कोपरे दुमडलेलं कार्ड कुठंतरी गादीखाली असेल, शोधा. आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन खात्यांनी मिळून काढलेला माझ्या माहितीतला तो एकच कागद. लसही त्यात, वजनाचा आलेखही त्यात, कोणत्या महिन्यात लेकरानं काय करावं याची चित्रंही त्यातच. कुणाकडेही गेलात की त्यांच्याकडून तारीख, सही आणि पुढची तारीख लिहून घ्या. परत आलात की सेविकेला आणि आशाताईला सांगा, आम्ही जाऊन आलो, हे असं म्हणाले. खात्याखात्यात हा निरोप आपोआप जात नाही.

प्रश्न : तुम्ही दरवेळी लिहिता की खात्यांचा मेळ नाही. मग मुलांचं सगळं एकाच खात्याकडे का देत नाहीत? साधी गोष्ट आहे.
— निवृत्त अव्वल कारकून

उत्तर : साहेब, तसं करून बघितलेलं आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला देशभरात 33 ठिकाणी जी योजना सुरू झाली तिचं नावच एकात्मिक बालविकास सेवा योजना. तिच्यात सहा सेवा. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, आहार-आरोग्याचं शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे लेकराला पुढच्या दवाखान्यात पाठवणं. यातल्या शेवटच्या तीन आरोग्य खात्याच्या माणसांनी द्यायच्या, अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन. म्हणजे मेळ कागदावर पन्नास वर्षांपासून आहे. राहून गेला तो परतीचा कागद. सेविका लेकराला दवाखान्यात पाठवते, रजिस्टरात ‘संदर्भित’ लिहिते आणि तिचा रकाना भरतो. दवाखान्यात लेकरू पोचलं का, काय निघालं, घरी काय करायचं, हे तिच्याकडे उलटून येत नाही. वर मात्र दोन्ही खात्यांचे आकडे शंभर टक्के जातात.

नवं खातं काढलं की नवा सचिव, नवं अ‍ॅप आणि सेविकेच्या मोबाइलमध्ये आणखी एक पासवर्ड. दिव्यांगांसाठी आपल्या राज्यानं 2022 मध्ये स्वतंत्र विभाग केला. चांगलंच झालं. पण वरच्या आजोबांना विचारा, त्यांना विभाग मोजायचे नाहीत. आरोग्य पोषण दिनाला नर्स, आशा आणि सेविका तिघी एका ओट्यावर बसतात. त्या दिवशी एक गुरुजी आणून बसवा आणि मागच्या महिन्यात पाठवलेल्या प्रत्येक लेकराचं नाव मोठ्यानं वाचा. याला शासन निर्णय लागत नाही. तुम्ही निवृत्त आहात, गावात तुमचा शब्द चालत असेल, तर पुढच्या पोषण दिनाला खुर्ची टाकून बसाच.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. दसरा झाला की अर्धी वाडी ऊसतोडीला जाते. काही टोळ्या कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. मोठी मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, पण सहाच्या आतली सगळी आईबरोबर जातात. एप्रिलात परत येतात तेव्हा वाळलेली असतात, लसही चुकलेली असते. मी शिक्षक म्हणून यात काय करू शकतो?
— सहशिक्षक, डोंगरपट्टा

उत्तर : गुरुजी, टोळी कुठं जाणार हे अंगणवाडीच्या आधी तुम्हाला कळतं, कारण थोरल्या पोराच्या दाखल्यासाठी बाप तुमच्याकडेच येतो. तुमचं मोल तिथंच आहे. बाहेरगावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक तुम्ही देताच. ते देताना दोन प्रश्न जास्तीचे विचारा. घरात सहाच्या आतलं कोण आहे, आणि मुकादम कोण, कारखाना कोणता. ती यादी त्याच दिवशी सेविकेला आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना द्या.

लसीचं गणित आता बघा. जानेवारीत जन्मलेल्या लेकराचे नऊ महिने ऑक्टोबरात भरतात. गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने झाल्यावरची, आणि नेमक्या त्याच दिवसांत ट्रक निघतात. गेल्या हिवाळ्यात झालेली लेकरं या फटीत पडतात. दुसरी मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांत असते, तीही कित्येकांची हंगामातच येते. म्हणून दसऱ्याच्या आधी नर्सताईंना वाडीवर एक सत्र घ्यायला सांगा. तुमच्या यादीशिवाय त्या कुणासाठी येणार?

वजन आणि आहाराचं तसं अवघड नाही. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपवर लेकराची नोंद दुसऱ्या गावाला हलवता येते, आणि आपल्या राज्यानं स्थलांतरितांची नोंद ठेवायची स्वतंत्र प्रणालीही केली आहे. पण अ‍ॅपवर नोंद हलली म्हणून लेकरू अंगणवाडीत जात नाही. कोप्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्या, गावापासून लांब, फडाच्या कडेला. आई पहाटे चारला कोयता घेऊन निघते. तिथल्या सेविकेला ही माणसं आपली वाटत नाहीत, आणि कर्नाटकात तर भाषेचीच पंचाईत. मला उपयोग दिसला तो मुकादमाच्या बायकोचा. बहुतेक टोळ्यांत ती फडात कमी असते आणि कोपीवर जास्त. कार्डांच्या झेरॉक्स तिच्याकडे द्या, तिचा नंबर आपल्या सेविकेला द्या आणि तिकडच्या आशाचा नंबर मिळाला तर तिला द्या. कारखान्याच्या शेती विभागाकडे टोळ्यांची यादी असते, तीही मागता येते. मागावी लागते एवढंच.

वसतिगृहातल्या मुलांबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, मी लिहिते. रात्री मुली झोपतात कुठं, हे शाळा व्यवस्थापन समितीनं बघायचं आहे. म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर ठेवलेली आठवी-नववीतली मुलगी जानेवारीत अचानक शाळेत यायची थांबली तर ते प्रकरण हजेरीपुरतं राहत नाही. लग्न ठरलं असेल. गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचा ग्रामपंचायत अधिकारी, हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि ग्राम बालसंरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच. दोघांना एकाच दिवशी लेखी कळवा. दोघेही वऱ्हाडात जेवायला जाणार असतील तर मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर फिरवा. त्यावर तुमचं नाव सांगितलं जात नाही.

प्रश्न : मी सेविका आहे. माझ्याकडे एका लेकराचा दंडघेर 11.3 आला. मॅडम म्हणतात पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करा. आई तयार नाही. चौदा दिवस तिथं राहिले तर घरच्या दोघांना कोण बघणार म्हणते. लेखी नकार लिहून घेऊ का?
— एक सेविका

उत्तर : नकार लिहून घेऊ नको गं. त्यानं तुझं रजिस्टर वाचेल, पोरगं नाही.

साडेअकरा सेंटिमीटरच्या आत म्हणजे तीव्र कुपोषण, यात वाद नाही. पण प्रत्येक तीव्र कुपोषित लेकराला खाटेची गरज नसते. आधी डॉक्टरांकडून दोन गोष्टी बघून घे. दोन्ही पायांवर अंगठ्यानं दाबल्यावर खड्डा राहतो का, आणि समोर ठेवलेलं खातं का. ताप, जुलाब, छातीची घरघर नाही, सूज नाही आणि भूक चांगली आहे, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गावातच ग्राम बालविकास केंद्रात घेता येतं. ताप, जुलाब, घरघर, सूज यातलं एक जरी असेल किंवा भूक नसेल, तर मात्र भरतीच, आणि आजच.

मग आईचा प्रश्न. ती आडमुठी नाही, तिचं गणित तुझ्या मॅडमपेक्षा पक्कं आहे. केंद्रात तिला बुडीत मजुरी मिळते, जेवण मिळतं, हे तिला आकड्यासकट सांग. ते कुणी सांगितलेलं नसतं. घरच्या दोघांसाठी मात्र कुठल्याच खात्यात तरतूद नाही. दवाखाना एका लेकराला खाट देतो, पण तिघांच्या आईला उचलून नेतो. ते तुला गावातच जुळवावं लागेल. थोरलं शाळेत जातं, दुपारचं तिथं जेवतं. मधलं तुझ्याच अंगणवाडीत येत असेल, तर त्याला सुटल्यावर घरी कुणी न्यायचं ते ठरव. रात्रीला मावशी, आत्या, बचत गटातली शेजारीण, कुणीतरी निघतं. आशाला बरोबर घेऊन सासूशी बोल, नवऱ्याशी नंतर बोल. आणि केंद्रातून सोडल्यावर पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. सुधारून आलेली लेकरं तीन महिन्यांत पुन्हा घसरलेली मी पुष्कळ बघितली आहेत. घरी आल्यावर त्यांच्याकडे कुणी फिरकलेलं नसतं.

प्रश्न : माझे पती वारले. दोन मुलं, दहा आणि सात वर्षांची. मी शिवणकाम करते. बालसंगोपन योजनेत फक्त अनाथ मुलं बसतात असं ग्रामपंचायतीत सांगितलं. खरं का?
— एक भगिनी

उत्तर : खरं नाही. क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक असलेली मुलंही बसतात, वयाच्या अठरापर्यंत. 2023 पासून रक्कम एका मुलामागे महिना 2250 रुपये आहे. हे ग्रामपंचायतीचं काम नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा, आदेश बालकल्याण समिती देते. पतीच्या मृत्यूचा दाखला, शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, मुलांचं बोनाफाईड आणि आधार गोळा करा. घरी चौकशीला माणूस येईल. घर आहे तसंच राहू द्या, आवरून-झाकून दाखवू नका. बोनाफाईड मागायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना पतीचं निधन झाल्याचं स्वतः सांगा. धाकटा वर्गात गप्प झाला असेल तर निदान कारण तरी त्यांना कळेल. पैसे मंजूर झाले तरी दर महिन्याला येतील असं धरू नका. थांबून थांबून, एकदम येतात. त्याच्या भरवशावर दुकानदाराला तारखेचा वायदा करू नका.